ओटीपीच्या आड दडलेली जबाबदारी

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेला खातेदार बँकेत गेला की त्याला आधी एकच विचारले जाते, "ओटीपी तुम्हीच सांगितला ना?" तो हो म्हणाला की विषय संपतो आणि त्याला सायबर पोलिसांचा रस्ता दाखवला जातो. काउंटरवरचा कारकूनच असे बोलतो असेही नाही. बँकिंगचे जाणकार, वर्तमानपत्रांतले सल्लागार, कित्येकदा फसलेल्याच्या घरचे लोकही तेच म्हणतात: चोरी चोराने केली, दार खातेदाराने उघडले, मग बँकेने का भरून द्यायचे? ऐकायला हे सरळ वाटते, पण तर्काच्या, कायद्याच्या आणि अनुभवाच्या कसोटीवर ते टिकत नाही. माझे म्हणणे असे की फसवणुकीच्या नुकसानीचा पहिला भार बँकांनी उचलला पाहिजे, आणि त्यातही चोराला खाते उघडून देणाऱ्या बँकेने. मोबाइल कंपनीचा दोष असेल तिथे तिनेही वाटा उचलावा. खातेदाराची चूक त्यानंतर मोजावी आणि तिलाही मर्यादा असावी.

तुमसरसारख्या गावात हा प्रश्न मुंबई-पुण्याहून वेगळा दिसतो. भंडारा जिल्ह्यातले तुमसर ही विदर्भातली धान-तांदळाची मोठी बाजारपेठ. आधारभूत खरेदी केंद्रावर धान द्यायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. सातबारा, आधार आणि पासबुक जोडावे लागते. धानाचे चुकारे खात्यात येतात. बोनस, पीएम किसानचा हप्ता, लाडक्या बहिणीचे दीड हजार, पीक विमा, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीज खाणींतला पगार, सारे खात्यातच. रोख द्या म्हणायची सोय नाही. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. चाळीस क्विंटल धानाचे ९४,७६० रुपये होतात. एका हंगामाची ही कमाई सरकारच्या धोरणाने खात्यात येते, खात्याला आधार आणि मोबाइल जोडणे हेही धोरणच. त्यामुळे "डिजिटल व्यवहाराची जोखीम तुम्ही स्वतः पत्करली" हे शेतकऱ्याला ऐकवता येत नाही. जो रस्ता सक्तीचा केला, त्यावरच्या सुरक्षिततेची हमी रस्ता बांधणाऱ्याने घ्यायची असते.

शिवाय "ओटीपी तुम्हीच दिला" हे दर वेळी खरेही नसते. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या, आरटीओ चलानच्या किंवा एखाद्या बँकेच्या नावाने एपीके फाइल येते. ती मोबाइलवर चढली आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या गेल्या की येणारे मेसेज चोराला परस्पर दिसू लागतात. ओटीपी कोणी कोणाला सांगतही नाही. आधारवर चालणाऱ्या एईपीएस व्यवस्थेत तर ओटीपीच नाही. बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा ठेवला की एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. बोटांचे ठसे जमिनीच्या नोंदणी दस्तांवरून उचलून त्यांचे साचे बनवल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. अंगठा पासवर्डसारखा बदलता येत नाही. अशा खातेदाराला निष्काळजी म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

रिझर्व्ह बँकेने या प्रश्नाचे निम्मे उत्तर ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दिलेलेच आहे. खातेदाराच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारात बँकेची चूक असेल, तर त्याने तक्रार केली असो वा नसो, त्याची जबाबदारी शून्य. चूक बँकेची नाही, खातेदाराचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठे तरी आहे आणि खातेदाराने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला कमाल दहा हजार आणि मूलभूत बचत खात्याला कमाल पाच हजार. तक्रार आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही असाच नियम लागू झाला. काउंटरवरचा तो प्रश्न हा भारच उलटा फिरवतो: बँकेने जे सिद्ध करायचे, ते खातेदाराच्या तोंडून एका वाक्यात वदवून घेतले जाते.

न्यायालयांनी ही चाल ओळखली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईतल्या एका कंपनीच्या खात्यातून ७६ लाख ९० हजार रुपये गेले. पैसे घेणाऱ्यांची नावे खात्याला जोडली गेली, पण त्यासाठी कोणताही ओटीपी कंपनीकडे आला नव्हता. बँकिंग लोकपालाने तक्रार फेटाळली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. फिरदोश पुनीवाला यांच्या खंडपीठाने तो निर्णय रद्द केला आणि २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवून बँक ऑफ बडोदाला रक्कम परत करायला लावली. आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये गेले होते, म्हणजे हमीभावाने जवळपास चाळीस क्विंटल धानाचे. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना कंपनीचा माणूस म्हणून बोलणाऱ्या ठगाने त्याला मोबाइलवर ॲप घ्यायला लावले होते. त्याने चोवीस तासांच्या आत कळवले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्टेट बँकेला जबाबदार धरले, आणि ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेची याचिका फेटाळली. असे व्यवहार ओळखण्याचे आणि रोखण्याचे उत्तम तंत्रज्ञान आज बँकेकडे आहे, असे न्यायालयाने सुनावले. खातेदारांनीही सावध राहावे, हे बजावायलाही ते विसरले नाही.

यातले तत्त्व नवे नाही. गोदामात धान ठेवले आणि गोदामवाल्याने कोणाची तरी खोटी चिठ्ठी पाहून ते भलत्यालाच देऊन टाकले, तर नुकसान गोदामवाल्याचे. चिठ्ठी हुबेहूब होती, ही सबब तिथे चालत नाही. बँकेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सांगितले. कंपनीच्याच हिशेबनिसाने खोट्या सह्यांचे चेक वटवून तीन लाखांहून अधिक रक्कम काढली होती. कंपनीने पासबुक वेळच्या वेळी तपासले नाही, म्हणून तिचा दावा जातो, असा बँकेचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. खोट्या सहीच्या चेकवर पैसे देण्याचा आदेश बँकेला खातेदाराकडून मिळालेलाच नसतो. दिलेले पैसे बँकेचे स्वतःचे गेले, खातेदाराचे नव्हेत. कागदाच्या जमान्यात खोट्या सहीचा धोका बँकेचा होता. सहीच्या जागी ओटीपी आल्यावर तोच धोका गुपचूप खातेदाराच्या माथी गेला. कुलूप कोणते लावायचे हे बँक ठरवते आणि ते कच्चे निघाले तर भरपाई खातेदाराने करायची, हा कुठला न्याय?

या प्रकरणात एक पक्ष नेहमी पडद्याआड राहतो. तुमसरच्या खात्यातून निघालेले पैसे हवेत विरत नाहीत. ते आधी दुसऱ्या एखाद्या बँकेतल्या खात्यात जमा होतात. ते खाते कोणाच्या तरी खऱ्या आधार-पॅनवर उघडलेले असते आणि चार-पाच हजारांसाठी भाड्याने दिलेले असते. कालपर्यंत त्यात शे-दोनशे रुपये असतात. एका दुपारी दहा ठिकाणांहून लाखो रुपये येतात आणि तासाभरात पुढे सरकतात. हे दिसायला गुप्तहेर लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी खाती शोधण्यासाठी म्युलहंटर हे साधनही तयार केले आहे. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे पोलिस असल्याची थाप मारून कॉलवरच अटकेची भीती घालण्याच्या प्रकरणांची स्वतःहून दखल घेणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये तपास सीबीआयकडे दिला, तेव्हा या खात्यांमागच्या बँक अधिकाऱ्यांची भूमिकाही तपासायला सांगितली आणि अशी खाती शोधायला नवे तंत्रज्ञान का वापरत नाही, असा प्रश्न रिझर्व्ह बँकेला केला. तरीही २०१७ च्या परिपत्रकात पैसे स्वीकारणाऱ्या बँकेच्या जबाबदारीबद्दल काही नाही.

ही उणीव भरून काढायला परदेशात जायचीही गरज नाही. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३१ मध्ये चेक वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण आहे, पण एका अटीवर: तिने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केलेले असले पाहिजे. चोरीचा चेक वटवण्यासाठी कोणा अनोळखी माणसाचे खाते नीट चौकशी न करता उघडले, तर खऱ्या मालकापुढे ती बँक हे संरक्षण गमावते. शंभराहून अधिक वर्षे खाते उघडण्यातला हलगर्जीपणा ही बँकेची देणेदारी मानली गेली. चेकला लागू असलेले तत्त्व यूपीआय आणि आयएमपीएसला का नको? महाराष्ट्रात तसे घडूनही गेले आहे. पुण्यातल्या पूना ऑटो ॲन्सिलरीज कंपनीचे ८० लाख रुपये फिशिंग ईमेलमुळे गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितले. ईमेलला उत्तर दिले म्हणून कंपनीनेही नुकसानीचा वाटा सोसावा आणि ठगांची खाती न तपासता उघडली म्हणून बँकेने मोठा वाटा द्यावा, असा तो निकाल. दोन्ही बाजूंची चूक मोजून वाटणी करता येते, हे त्याने दाखवले. "सर्व काही खातेदारावर" आणि "सर्व काही बँकेवर" यांच्यामधली वाट अशी आधीच मळलेली आहे.

मोबाइल कंपन्यांचेही तसेच. डुप्लिकेट सिम दुसऱ्याच्या हातात गेले की त्या नंबरवरचे सगळे ओटीपी त्याच्या हातात जातात. राजस्थानात २०२१ मध्ये अशाच प्रकरणात व्होडाफोन आयडियाला ग्राहकाला २७ लाखांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला. सिंगापूरने १६ डिसेंबर २०२४ पासून फिशिंगसाठी क्रमच लावून दिला: बँकेने ठरलेली कर्तव्ये चुकवली असतील तर बँक भरेल, ती चोख असेल आणि मोबाइल कंपनी चुकली असेल तर ती भरेल, दोघेही निर्दोष असतील तेव्हाच ग्राहकाचा नंबर.

आता आक्षेप. सर्वांत भक्कम आक्षेप असा: आसामच्या किंवा मुंबईच्या खटल्यात व्यवहार खातेदाराच्या संमतीवाचून झाला होता; पण खातेदाराने धमकीला किंवा थापेला बळी पडून स्वतःच पैसे पाठवले, तर बँकेने त्याचा हुकूम पाळायचा नाही का? हे कायद्याने खरे आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये बार्कलेज बँकेच्या खटल्यात हेच म्हटले: ग्राहकाने स्वतः दिलेला स्पष्ट आदेश बँकेने पाळायचा असतो, सात लाख पौंड ठगांकडे गेले तरीही. पण तिथे गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. न्यायालये जिथे थांबतात तिथून पुढे नियम करायचे असतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीतही ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना सक्तीची आहे, आणि ती पाठवणारी व स्वीकारणारी बँक यांनी निम्मी-निम्मी द्यायची असते. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा बँकेने सिद्ध केला तरच तिची सुटका, आणि ग्राहक दुर्बल परिस्थितीतला असेल तर तीही नाही. थोडक्यात, "हुकूम खातेदाराचा होता" हे आजच्या कायद्याचे वर्णन आहे. उद्याचा कायदा कसा असावा याचे ते उत्तर नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: पैसे परत मिळणार म्हटले की लोक बेफिकीर होतील. अमेरिकेत चोरीला गेलेल्या क्रेडिट कार्डावरच्या व्यवहारासाठी ग्राहकाची जबाबदारी १९७० च्या दशकापासून पन्नास डॉलरपुरती आहे. लोक कार्ड रस्त्यावर टाकून फिरू लागले नाहीत. उलट नुकसान आपल्यावर येते म्हटल्यावर कंपन्यांनीच संशयास्पद खर्च हेरण्याच्या यंत्रणा उभ्या केल्या. ब्रिटनमध्ये मोठ्या बँका २०१९ पासून स्वेच्छेने भरपाई देत होत्या, आणि २०२४ साली तिथे अशी प्रकरणे घटली. हे सारे श्रेय भरपाईचे नसेलही, पण लोक बेताल होतील ही भीती खरी ठरली नाही. भारतात याच्या उलटे घडले. सारा भर खातेदाराला सावध करण्यावर होता. फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात इशारा ऐकू येत होता. तरी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये ७,४६५ कोटी असलेले नुकसान २०२४ मध्ये २२,८४५ कोटींवर गेले. चतुर ठगापुढे सल्ला पुरत नाही. शिवाय बेफिकिरीचा नियम बँकांनाही लागू होतोच की! दुसऱ्याच्या पैशाने नुकसान भरले जात असेल, तर ते टाळण्यावर खर्च कोण करील? आज ती बेफिकिरी बँकांना परवडते.

तिसरा आक्षेप सहकारी बँकांच्या काळजीपोटी येतो आणि भंडारा जिल्ह्यात त्याला वजन आहे. मोठ्या बँका सोसतील, पण जिल्हा बँक, पतसंस्था, नागरी बँका बुडतील आणि शेवटी भार ठेवीदारांवरच येईल. पहिले उत्तर असे की भार आजही ठेवीदारावरच आहे, फक्त एकट्या फसलेल्यावर. चाळीस क्विंटल धानाचे पैसे एकाच घरावर पडण्यापेक्षा ते विम्यातून आणि सामाईक निधीतून हजारोंत वाटले जाणे हेच बँकिंगचे काम आहे. दुसरे, स्वीकारणाऱ्या बँकेला निम्मा भार घ्यावा लागला तर ज्या छोट्या बँका आपली खाती नीट तपासतात त्यांचा भार हलका होतो. वाढतो तो खाती डोळे झाकून उघडणाऱ्यांचा, मग त्या मोठ्या असोत की छोट्या. तिसरे, बँकेच्याच यंत्रणेवर दरोडा पडतो तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची एटीएम यंत्रणा फोडून आणि परदेशात पैसे वळवून ९४ कोटी रुपये लुटले गेले. ते नुकसान बँकेने सोसले, खातेदारांच्या खात्यातून वळते केले नाही, आणि बँक आजही उभी आहे. लॉकरबाबतही सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांच्या लबाडीसाठी आणि चोरीसाठी भाड्याच्या शंभरपट देणेदारी घातली. बँका त्याने मोडल्या नाहीत.

राहिले खोट्या तक्रारींचे आणि व्यवहार मंदावण्याचे. खोटी तक्रार करणे हा गुन्हा आहे. विम्यातही खोटे दावे येतात, म्हणून विमाच बंद करा असे कोणी म्हणत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावरची नोंद, पोलिसांतली तक्रार आणि बँकेच्या नोंदी एकत्र पाहिल्या की खरे-खोटे बऱ्यापैकी कळते. अनोळखी नव्या खात्याला पहिल्यांदाच जाणारी मोठी रक्कम काही तास थांबली, तर कोणाचे काम अडत नाही. चुकाऱ्याचे पैसे खात्यात यायला शेतकरी महिनोन्‌महिने थांबतो. ते जाताना चार तास थांबले तर त्याची काही तक्रार नसेल.

रिझर्व्ह बँक थोडीफार हलते आहे. पडताळणीचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. ते न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झाले तर ते पूर्ण भरून द्यायचे, असे त्यात स्पष्ट आहे. छोट्या फसवणुकीसाठी २५ हजारांपर्यंतच्या भरपाईचा प्रस्ताव फेब्रुवारी २०२६ मध्ये मांडला गेला. स्वागत आहे, पण २५ हजार म्हणजे दहा-अकरा क्विंटल धान, आणि दयेपोटी दिलेली रक्कम दोषी बँकेला शहाणे करीत नाही. नियम हवा तो असा: तक्रार वेळेत आली की खातेदाराच्या बँकेने आधी रक्कम जमा करावी, मग निम्मा हिस्सा स्वीकारणाऱ्या बँकेकडून घ्यावा; सिम देण्यात चूक असेल तर मोबाइल कंपनीकडून; थापेला बळी पडून स्वतः पाठवलेले पैसेही यात धरावेत; आणि खातेदाराचा हिस्सा ठरावीक रकमेपलीकडे जाऊ नये, घोर निष्काळजीपणा बँकेने सिद्ध केल्याखेरीज.

तोवर जे हक्क आहेत ते तरी वसूल करावेत. पैसे गेल्याचे कळताच १९३० वर कळवा आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तीन कामकाजी दिवसांची मुदत तोंडी बोलण्यात वाया घालवू नका. "ओटीपी तुम्हीच दिला ना?" असे विचारले, तर २०१७ चे परिपत्रक आणि बँकेच्या संचालक मंडळाचे भरपाई धोरण लेखी मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. तो काउंटरवर आपल्या खांद्यावर घेऊ नका.